धंद्याचा पैसा घरात मुरू देऊ नकोस

प्रिय मुली,

धंद्यासाठी तू यंत्राची चौकशी करते आहेस, आणि भांडवल कुठून आणायचं हा तुझा पहिला प्रश्न आहे. तो रास्तच आहे. जमीन आणि घर बऱ्याचदा बाईच्या एकटीच्या नावावर नसतं, त्यामुळे तारण ठेवायला तिच्याकडे फारसं काही नसतं. पण मिळालेलं भांडवल धंद्यातच राहतं का, याची काळजी मला त्याहून जास्त वाटते.

श्रीलंकेत डी मेल, मॅकेंझी आणि वुडरफ या अर्थतज्ज्ञांनी छोट्या व्यावसायिकांना अनुदान देऊन पाहिलं. पुरुषांचा नफा वाढला. बायकांचा सरासरीने वाढला नाही. बायकांना धंदा जमत नाही, असा अर्थ यातून सहज निघाला असता. पुढे बर्नहार्ट, फील्ड, पांडे आणि रिगोल यांनी ती माहिती भारत आणि घानातल्या माहितीसोबत पुन्हा तपासली. ज्या घरात बाईचा एकटीचाच धंदा होता, तिथे तिला पुरुषाइतकाच फायदा झालेला दिसला. नवऱ्याचाही धंदा असेल तर तिचा पैसा तिकडे वळत होता. घानात रोख रकमेऐवजी माल आणि अवजारं दिली, तेव्हा ज्यांचा धंदा आधीपासून बरा चालला होता त्या बायकांचा नफा वाढला. रोखीने तो वाढला नाही.

म्हणून कर्ज हातात पडलं की दोन-तीन दिवसांत त्याचा कच्चा माल किंवा यंत्र घे. घरात पडून असलेल्या रोकडीला आजारपण, फी, पाहुणे अशा शंभर वाटा असतात, आणि त्यातली एकही खोटी नसते. यंत्राची पावती तुझ्याच नावाची हवी. बँक खातं तुझं असूनही त्याला जोडलेला मोबाइल नंबर दुसऱ्याचा असेल तर खात्यावर ताबा त्याचाच राहतो. तो नंबर आधी बदलून घे. पुढच्या कर्जाच्या वेळी ही पावती आणि खात्यावरची नियमित उलाढाल तुझ्या बाजूने बोलेल.

घरखर्चाला धंद्यातून पैसे द्यायचेच नाहीत, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच जमत नाही. स्वतःला आठवड्याची ठरावीक मजुरी लाव, ती काढ आणि घरात दे. त्याशिवाय उचललेला प्रत्येक पैसा वहीत ‘घराला दिले’ म्हणून लिही. घरासाठी किंवा नातेवाइकांसाठी नेलेला मालही लिही, निदान खर्चाच्या किमतीने.

ही मजुरी मालाच्या किमतीतही धरायची. बहुतेक जणी इथेच चुकतात. स्वतःचे तास फुकट धरले की माल स्वस्त पडतो, खपतो, आणि मागणी वाढून पहिली मदतनीस ठेवावी लागली की नफा संपतो. समज, एका नगाला कच्चा माल 60, पॅकिंग 8, वाहतूक 7 आणि मजुरी 25, असा 100 खर्च आहे. दुकानदार विक्रीच्या किमतीवर 25 टक्के मागतो. तू 100 वर 25 चढवून 125 किंमत छापलीस, तर तो 31.25 ठेवतो आणि तुला 93.75 मिळतात. म्हणजे प्रत्येक नगामागे 6.25 चा तोटा. नुसता खर्च निघायला 100 भागिले 0.75, म्हणजे 133.33 किंमत हवी. नगामागे 10 नफा हवा असेल तर 146.67.

व्याजातही अशीच फसगत होते. 1,200 चं कर्ज, 12 टक्के सरळ व्याज, 12 समान हप्ते. व्याज 144, हप्ता 112. ऐकायला स्वस्त वाटतं. पण दर महिन्याला 100 मुद्दल तू परत करतेस, तरी व्याज मात्र पूर्ण 1,200 वर लागतं. वर्षभरात तुझ्या हाती सरासरी 650 च असतात, त्यामुळे खरा दर 21-22 टक्के पडतो. सही करण्याआधी ‘व्याज शिल्लक मुद्दलावर आहे का?’ एवढं विचार. गटातून कर्ज घेणार असशील तर दुसरीचा हप्ता थकला की तो कोणी भरायचा, हेही आधीच विचार. नंतर तो प्रश्न शेजारधर्मावर येतो.

उधारी टाळता येणार नाही, गावात रोजचं तोंड पाहायचं असतं. पण तिचं गणित मांड. आठवड्याला 500 चा खर्च असेल आणि पैसे चार आठवड्यांनी येत असतील, तर पहिली वसुली होईपर्यंत 2,000 अडकलेले असतात. माल खपतोय पण नवीन कच्चा माल घ्यायला पैसे नाहीत, ही अवस्था बहुधा इथूनच येते. प्रत्येक गिऱ्हाइकाला मर्यादा ठरव आणि जुनी बाकी फिटल्याशिवाय नवा माल देऊ नकोस. जावेला आणि नणंदेलाही तोच नियम, नाहीतर तो कुणीच मानणार नाही.

बाजाराला जायला घरून अडचण असेल तर दोघी-तिघींनी मिळून एक फेरी ठरवा आणि भाडं मालाच्या वजनाप्रमाणे वाटून घ्या. सगळा माल एकाच व्यापाऱ्याला देऊ नकोस. पुढे भाव तोच ठरवायला लागतो.

यंत्राची चौकशी थोडी थांबव. आधी एका नगाचा खर्च मजुरीसकट मांड आणि तो कागद मला पाठव, मग कर्ज किती घ्यायचं ते बोलू.

कळावे.