जॉर्डनचं अधिकृत नाव काय? आणि त्याला समुद्रकिनारा आहे का?

अधिकृत नाव ‘जॉर्डनचे हाशेमी राज्य’. अरबीत अल-मम्लका अल-उर्दुनिया अल-हाशिमिया. अरबीत विशेषण नामानंतर येतं, त्यामुळे शब्दांचा क्रम ‘राज्य, उर्दुनी, हाशिमी’ असा दिसतो. ‘उर्दुन’ म्हणजे जॉर्डन. ‘हाशिमी’ हे मात्र कुठल्या प्रदेशाचं नाव नाही, ते राजघराण्याचं आहे. प्रेषित मुहम्मदांचे पणजोबा हाशिम, त्यांचा हा वंश. एखाद्या फॉर्मच्या यादीत ‘जॉर्डन’ सापडला नाही, तर ‘हाशेमाइट’खाली बघा.

याच वंशातले मक्केचे शरीफ (अधिपती) हुसेन यांचे पुत्र अब्दुल्ला १९२१ साली इथे अमीर, म्हणजे शासक, झाले, तेव्हा देशाला ट्रान्सजॉर्डन म्हणत, म्हणजे जॉर्डन नदीपलीकडचा मुलूख. मे १९४६मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि अमीराचे राजे झाले. १९४८च्या अरब-इस्रायल युद्धात नदीच्या अलीकडचा पश्चिम किनाराही (वेस्ट बँक) हाती आला. मग ‘पलीकडचा’ म्हणण्यात अर्थ उरला नाही आणि १९४९पासून नुसतं ‘जॉर्डन’ रूढ झालं. तो पश्चिम किनारा १९६७ला इस्रायलच्या हाती गेला आणि १९८८ला अब्दुल्लांचे नातू राजे हुसेन यांनी त्यावरचा हक्कही सोडला. जुन्या नकाशात देश नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला दिसतो तो यामुळे. आजचं क्षेत्रफळ सुमारे ८९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

पश्चिमेकडून पूर्वेला जाताना तीन पट्टे लागतात. आधी जॉर्डन नदीचं खोरं, त्याला ‘घोर’ म्हणतात. मग डोंगराळ पठार. अम्मान इथेच आहे आणि बहुतेक वस्तीही. उरलेलं सगळं वाळवंट, म्हणजे ‘बादिया’. ईशान्येला ते काळ्या बेसॉल्टच्या धोंड्यांचं आहे, दक्षिणेला वादी रममध्ये तांबड्या वालुकाश्माचं. अम्मानहून मृत समुद्राकडे तासाभरात हजार मीटरहून जास्त उतार लागतो, कानाला दडे बसतात.

आता समुद्र. मृत समुद्र हा मुळात खाऱ्या पाण्याचा तलाव. त्याची पातळी समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली आहे, आणि जॉर्डन नदीचं पाणी वरच्या वर वळवल्यामुळे वर्षाला साधारण मीटरभर घटते. पाणी मागे सरकलं की जमिनीखालचे मिठाचे थर गोड्या पाण्यात विरघळतात आणि काठावर अचानक खड्डे पडतात. दक्षिणेचा भाग तर आटलाच आहे. नकाशात तिथे जे निळे चौकोन दिसतात, ती पोटॅश काढायची मिठागरं.

खरा किनारा फक्त अकाबाच्या आखातात, जेमतेम २६ किलोमीटर. तोही आधी याहून तोकडा होता. १९६५मध्ये सौदी अरेबियाला आतलं वाळवंट देऊन जॉर्डनने अकाबाच्या दक्षिणेचा आणखी किनारा घेतला. फायद्याचाच सौदा म्हणायचा, कारण देशाचं एकमेव बंदर हेच. आपल्याकडच्या खतांसाठी लागणारं जॉर्डनचं फॉस्फेट आणि पोटॅश इथूनच जहाजात चढतं.