‘दुरुस्तीचे तास’ कुठून आले?

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. डेटाच्या नोकरीच्या मुलाखतीची पहिली फेरी पार पडली आणि दुसरीत बेंगळुरूच्या त्या बाईंनी तुला तुझ्याच प्रोजेक्टवर अडवलं, म्हणून तू खट्टू झालीस. मला मात्र बरं वाटलं. रस नसता तर दहा मिनिटांत ‘आम्ही कळवतो’ म्हणून फोन ठेवला असता.

इंग्रजीचं मनाला लावून घेऊ नकोस. खानापूरच्या मराठी शाळेतून आलेलं पोर अडखळायचंच. छोटी वाक्यं बोल, विचार करायला वेळ लागत असेल तर तसं सरळ सांग. तुझं कन्नड चांगलं आहे, ते नोकरी लागल्यावर जेवणाच्या टेबलावर कामी येईल.

आता खरं दुखणं. बेळगावच्या उद्यमबागमधल्या फाउंड्रीतली खराब कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेले भाग, आधीच ओळखणारं संगणकी मॉडेल केलंस आणि ९८ टक्के अचूकता छातीठोक सांगितलीस. अगं, १००० कास्टिंगांत २० खराब असतील, तर डोळे मिटून ‘सगळी चांगली’ म्हणणाराही ९८ टक्के बरोबर ठरतो. खराब मात्र एकही पकडत नाही. म्हणून त्यांनी रिकॉल विचारला, म्हणजे त्या २० पैकी तुझ्या मॉडेलला सापडली किती. तू ९५ टक्के म्हणालीस, आणि तिथेच त्यांचे कान टवकारले. एवढा चांगला आकडा वाळू आणि धातूच्या डेटातून सहसा निघत नाही.

तुझं कोडचं नोटबुक मी उघडून पाहिलं. वाळूतला ओलावा, ओततानाचं तापमान, पाळी, हे सगळं ठीक. पण शेवटून दुसरा कॉलम ‘दुरुस्तीचे तास’. तो भरतात कधी? तपासणीत ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडलेलं भोक, सापडल्यावर. म्हणजे मॉडेलला उत्तर आधीच कळलेलं, पेपर फुटल्यावर परीक्षा दिल्यासारखं. याला डेटा लीकेज म्हणतात हे तुला पाठ आहे, व्याख्या तू घडाघडा सांगितलीसही. पण त्या बाई विचारत होत्या की हा कॉलम कोण लिहितो, कधी लिहितो. त्याचं उत्तर कुठल्याही कोर्समध्ये नाही, ते सुपरवायझरच्या टेबलावरच्या रजिस्टरमध्ये आहे. तू एक्सेल फाइल घेऊन घरी आलीस, रजिस्टर पाहिलंच नाहीस.

तेव्हा टिळकवाडीहून सायकल काढ आणि एक पाळी तिथे उभी राहा. ओतकाम बघ. खराब माल गिऱ्हाइकाकडे गेला तर नुकसान किती, चांगला माल पुन्हा तपासला तर खर्च किती, हेही विचार. प्रिसिजन जपायची, म्हणजे मॉडेलने खराब म्हटलेल्यांत खरंच खराब किती ते, की रिकॉल, हे त्यावरून ठरतं.

एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचं, थोडक्यात सांगतो. लेफ्ट जॉइन, म्हणजे डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी राखणारी जोडणी, करून उजव्या टेबलावरची अट व्हेअरमध्ये टाकलीस, म्हणून जोडी नसलेल्या ओळी गळाल्या. अट ऑनमध्ये घे. हे दोन दिवसांच्या सरावाचं काम, त्याची धास्ती नको.

रविवारी सकाळी फोन कर. त्याआधी तो कॉलम काढून मॉडेल पुन्हा चालव आणि निकाल पाठव. रिकॉल घसरेल. साठावर आला तरी साठच लिही, आणि का घसरला ते तीन वाक्यांत मला तोंडी सांग, इंग्रजीत.

तुझा काका