कटकटणारी चेन आणि घाटात दमणारा ब्रेक

प्रश्न : खानापूर–बेळगाव रोजची ये-जा, एकेरी साधारण 25 किलोमीटर. गाडी 125 सीसी. पावसाळा लागला की चेन कटकट करते. दर रविवारी जुनं इंजिन ऑइल सोडतो, महिन्याला चेन ताणून घेतो. आठ दिवसांत पुन्हा तेच. – एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी ते जुनं ऑइल बंद करा. त्यात काजळी आणि धातूचा कीस असतो. निम्मं उडून मागच्या रिमवर जातं, उरलेल्यावर आपल्याकडची तांबडी माती बसते. म्हणजे चेनला तेल नाही, पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं.

तुमचे सहा दिवसांत 300 किलोमीटर होतात, तेव्हा पावसात आठवड्याचा हिशेब बरोबर आहे. फक्त पद्धत बदला. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चालू इंजिनावर चेन पुसताना बोटं जातात, हे गॅरेजवाल्यांनाही सांगावं लागतं! ब्रशने डिझेल लावून माती काढा, कापडाने कोरडी करा. मग चाक हाताने फिरवत खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने 90 नंबरचं गिअर ऑइल सोडा. जास्तीचं पुसा. हे काम रात्री करावं, सकाळपर्यंत ऑइल कड्यांत मुरतं. चेनवर पूर्ण कव्हर असेल तर त्याच्या तळाशी चिखल साचतो. पावसाळ्यात दोनदा तरी ते खोलून घ्या.

आता ताणण्याचं. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी ढिलाई बघा. एकीकडे घट्ट, दुसरीकडे सैल लागली तर चेन असमान ताणली गेली आहे. मापायचं ते घट्ट जागी. अशा गाड्यांना साधारण 20 ते 30 मिलिमीटर ढिलाई लागते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. मागच्या सॉकेटवर (चेन बसते त्या दातेरी चाकावर) चेन मागे ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडला, किंवा दात आकड्यासारखे वाकले असतील, तर ताणणं सोडा आणि चेन व दोन्ही सॉकेट एकत्रच बदला. नुसती चेन बदलली तर जुने दात नवी चेन लवकर खातात. चेन लॉकची, म्हणजे चेन जोडणाऱ्या क्लिपची, बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी.

आणि एक गोष्ट हमखास राहते. चेन ताणताना चाक मागे सरकतं, त्याबरोबर ड्रम ब्रेकचा रॉडही ओढला जातो. पॅडल पुन्हा जुळवलं नाही, तर लायनर, म्हणजे ब्रेकचं अस्तर, ड्रमला घासत राहतं.

प्रश्न : चोर्ला घाटातून डबल सीट गोव्याला उतरताना मागचा ब्रेक लागेनासा होतो. पेट्रोल वाचावं म्हणून न्यूट्रलवर उतरवतो. – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आधी वरच्या उत्तरातला रॉड तपासा. चाक उचलून हाताने फिरवा. अडकत फिरलं तर घाटाच्या आधीच ड्रम तापलेला असतो.

न्यूट्रल मात्र सोडाच. गाडीचं आणि दोघांचं वजन एकट्या ब्रेकवर येतं, लायनर तापतं, पकड जाते. जांबोटी–कणकुंबीपर्यंत रस्ता पठाराचा. खरा उतार चोर्ल्यापासून गोव्यातल्या साखळी गावाकडे. तिथे दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवा आणि वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक लावून वेग उतरवा. पॅडलवर पाय टेकवून ठेवायची सवय वाईट. पेट्रोलचं म्हणाल, तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये थ्रॉटल सोडलं की इंधन बहुतेक बंदच होतं. न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवायला ते प्यावंच लागतं.

मध्ये दरी बघायला थांबा, रस्त्याच्या कडेला पुरेशी जागा असेल तिथे. ब्रेकही तेवढ्यात गार होतो. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. उलट, ओढ्याच्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक हलका दाबून थोडं अंतर चाला, लायनर वाळतं. धुक्यात लाइट लोवर. हाय टाकला की समोर पांढरा पडदाच दिसतो.

प्रश्न : निपाणी–चिक्कोडी रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या दिसत नाहीत. – एक वाचक, निपाणी

उत्तर : समोरून लाइट येत असेल तर त्याच्याकडे नको, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघा, वेग 40 च्या आत. ओव्हरटेक करताना एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या धरूनच हिशेब करा. रस्त्यावर पडलेल्या उसावर ब्रेक नाही, वळण नाही. थ्रॉटल सोडून सरळ जा. ओरखडे पडलेली हेल्मेटची काच बदला, समोरचा प्रकाश त्यावर फुटतो.