वाचकांचे प्रश्न : गॅलरीतला आवाज नेमका कोणाचा?

मे २०२५ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन या फुटबॉल क्लबच्या पुरुष संघाने गुडिसन पार्क हे १८९२ पासूनचे आपले मैदान सोडले, त्याविषयीची एक छोटी टीप मागील अंकात दिली होती. त्या निमित्ताने फुटबॉलचे प्रेक्षक आणि त्यांची निष्ठा यांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : मी पंधरा वर्षे लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचा चाहता आहे. गेल्या वर्षी इंग्लंडला गेलो तेव्हा भरपूर पैसे मोजून ॲनफिल्ड या त्यांच्या मैदानावर सामना पाहिला. सामन्यापूर्वीच्या सामुदायिक गाण्याने अंगावर काटा आला; पण नंतर बराच वेळ माझ्या आसपास शांतता होती आणि निम्मे लोक मोबाइलवर चित्रण करत होते. टीव्हीवर ऐकू येणारा गजर खोटा असतो का?

उत्तर : खोटा नसतो. त्याला अपवाद जून २०२० नंतरच्या काही महिन्यांचा. करोनाच्या त्या काळात सामने रिकाम्या मैदानांवर होत आणि प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्या गर्दीचा मुद्रित आवाज त्यांत मिसळत. एरवी आवाज खराच असतो. मात्र तो ज्या स्टँडमधून उठतो तिथे आपण बहुधा बसला नव्हतात. पर्यटकाला जास्त पैसे मोजून मिळणारे तिकीट अनेकदा खानपानासह विकल्या जाणाऱ्या भागातले असते, आणि त्या भागात शेजारचा माणूसही आपल्यासारखाच पहिल्यांदा आलेला असतो. रागावणार नसाल तर सांगतो, ज्या शांततेची आपण तक्रार करता तिच्यात थोडा वाटा आपलाही होता.

तरीही आपले निरीक्षण चुकीचे नाही. इंग्लंडमधील जुने जाणते प्रेक्षक हीच तक्रार तीस वर्षे करत आहेत. ॲनफिल्डचा गोलमागचा प्रसिद्ध स्टँड ‘कॉप’ म्हणून ओळखला जातो. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात जानेवारी १९०० मध्ये स्पिऑन कॉप या टेकडीवर जी लढाई झाली, तिच्यावरून हे नाव आले. (याच लढाईत मोहनदास गांधी भारतीय रुग्णवाहिका पथकासह जखमी सैनिकांना वाहून नेत होते, हे आपल्याकडे फुटबॉलच्या संदर्भात फारसे कोणी आठवत नाही.) या स्टँडला पूर्वी खुर्च्या नव्हत्या, नुसत्या पायऱ्या होत्या, आणि भरभराटीच्या काळात तिथे पंचवीस हजारांहून अधिक माणसे उभी राहत. ३० एप्रिल १९९४ रोजी नॉर्विचविरुद्धच्या सामन्यात तिथे प्रेक्षक शेवटचे उभे राहिले. लिव्हरपूल तो सामना ०-१ असा हरले. नंतर खुर्च्या बसल्या आणि जागा सुमारे १२ हजारांवर आली.

हा बदल कोणाच्या लहरीने झाला नव्हता. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांची कुंपणाच्या जाळीशी चेंगराचेंगरी झाली आणि तिने एकूण ९७ जणांचा बळी घेतला. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने पोलिसांच्या नियंत्रणातील अपयशावर बोट ठेवले, आणि वरच्या दोन श्रेणींतील मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची असावी, अशी शिफारस केली. त्याच अहवालात तिकिटे वाजवी दरात राहावीत असेही म्हटले होते, आणि ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे उदाहरण दिले होते : बसून पाहण्याचे सहा पौंड, उभे राहून पाहण्याचे चार. क्लबांनी खुर्च्यांची शिफारस अमलात आणली आणि सहा पौंडांचा परिच्छेद सोयीस्करपणे मागे ठेवला. १९९२ मध्ये अव्वल क्लबांची प्रीमियर लीग ही स्पर्धा सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला आणि दर चढत गेले. जुन्या पायऱ्यांवर सारे काही छान होते, असे मात्र मी म्हणणार नाही. वंशद्वेषी आरोळ्या, मारामाऱ्या, अस्वच्छ स्वच्छतागृहे, स्त्रियांची अत्यल्प उपस्थिती हे सगळे त्याच पायऱ्यांवर होते.

पण आवाज का कमी झाला, याचे उत्तर केवळ खुर्चीत नाही. पायऱ्यांच्या काळात दहा मित्रांचा गट तासभर आधी जाऊन हवी ती जागा धरत असे. सोळा वर्षांचा मुलगा फाटकावर पैसे देऊन आत शिरे आणि मोठ्यांच्या मागे उभा राहून गाणी पाठ करी. क्रमांकाच्या खुर्चीने हे गट विखुरले, आणि महाग तिकिटाने तो मुलगा बाहेरच राहिला.

काही वर्षांपूर्वी गुडिसन पार्कवर एक सामना पाहण्याचा योग मला आला होता. माझी जुनी लाकडी खुर्ची एका लोखंडी खांबामागे होती. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मला कोणतीही प्रस्तावना न करता सांगितले, की या टोकाला कॉर्नर असेल तेव्हा डावीकडे झुका आणि पलीकडे असेल तेव्हा उजवीकडे. आमची अख्खी रांग खरोखरच तशी झुकत होती, वाऱ्याने शेत हलावे तशी. पहिल्या वीस मिनिटांत कोणी फारसे ओरडले नाही. मग रेषेवरील पंचाने एक थ्रो-इन उलटा दिला, आणि त्या रांगेतल्या वीस-बावीस जणांनी एकाच क्षणी, एकाच शब्दात त्याचा उद्धार केला. कोणी इशारा केला नव्हता. वर्षानुवर्षे एकाच जागी बसून त्यांची चीडसुद्धा एका सुरात आली होती. मैदानातला आवाज हा असा तयार होतो. पहिल्यांदा आलेल्या साठ हजार उत्साही माणसांना तो जमत नाही.

या आवाजाने खेळावर परिणाम होतो की नाही, याचा नकळत एक प्रयोगही होऊन गेला. २०२०-२१ च्या, जवळजवळ संपूर्ण रिकाम्या मैदानांवर झालेल्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघांनी १५३ सामने जिंकले आणि यजमानांनी १४४. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत असे पूर्वी कधी घडले नव्हते.

आता क्लब हा हरवलेला आवाज बांधकामातून परत आणू पाहत आहेत. टॉटनहॅमच्या २०१९ मध्ये उघडलेल्या मैदानात एका गोलमागे १७,५०० खुर्च्यांचा एकसंध उतरता स्टँड मुद्दाम बांधला आहे. त्यामागे जर्मनीतील डॉर्टमुंडच्या सुमारे २५ हजार माणसे उभी राहणाऱ्या दक्षिण स्टँडचा आदर्श होता. जानेवारी २०२२ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येकासमोर आडवा कठडा असलेल्या, सुरक्षित उभे राहण्याच्या जागांनाही परवानगी मिळू लागली आहे. या गोष्टींचा उपयोग होतो. मात्र छत कितीही उतरते केले तरी त्याखाली दर आठवड्याला नवी माणसे बसणार असतील, तर वास्तुविशारद तरी काय करणार?

प्रश्न (एक वाचिका, ठाणे) : तिकिटे एवढी महाग होत असतील, तर हे जुने लोक जाणे बंद का करत नाहीत? याला निष्ठा म्हणावे की भाबडेपणा?

उत्तर : आपला किराणावाला महागला तर आपण समोरच्या दुकानात जातो. लिव्हरपूलचा माणूस, दर वाढले म्हणून, त्याच शहरातल्या एव्हर्टनकडे जात नाही. त्याला दुसरे दुकानच नाही, आणि हे क्लबाच्या हिशेबनीसाला पक्के ठाऊक असते. घरातल्या माणसालाच गृहीत धरले जाते, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे भाबडेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ही अडवणूक आहे, आणि ती होत आहे हे त्या माणसालाही कळते.

कळते याचा पुरावा ६ फेब्रुवारी २०१६ रोजी मिळाला. लिव्हरपूलने पुढील हंगामासाठी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे ठरवले होते. संडरलंडविरुद्धच्या सामन्यात संघ २-० ने पुढे असताना, बरोबर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसे उठून चालू लागली. उरलेल्या वेळात संडरलंडने दोन गोल केले आणि सामना २-२ असा सुटला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. जी माणसे संघ हरत असतानाही शेवटच्या शिटीपर्यंत हलत नाहीत, ती संघ जिंकत असताना बाहेर पडली, याचा अर्थ मालकांना समजावून सांगावा लागला नाही. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली. तीही पाठीराख्यांच्या अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर.

याहून टोकाचे मार्गही काहींनी धरले. विम्बल्डन हा लंडनमधील क्लब सुमारे ऐंशी किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला हलवण्यास २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी क्लबाच्या मागे न जाता एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. तळाच्या श्रेण्यांतून चढत तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये जुन्या प्लाऊ लेन परिसरात परतला. मला हे उदाहरण सर्वांत बोलके वाटते, कारण निष्ठा नेमकी कशाशी असते, नावाशी, कंपनीशी की शेजाऱ्यापाजाऱ्यांशी, हा प्रश्न त्यांना प्रत्यक्ष सोडवावा लागला.

जर्मनीत पाठीराख्यांच्या हाती थोडे अधिक बळ आहे. तिथे काही मोजके अपवाद वगळता क्लबातील बहुमताचे मतदान सभासदांकडे राहते. २०२४ च्या सुरुवातीला लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणण्याचे घाटत होते, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू आणि सोनेरी वेष्टनातील चॉकलेटची नाणी फेकून सामने थांबवले. फेब्रुवारीतच तो बेत रद्द झाला. इंग्लंडमध्ये असे बळ लीगच्या नियमाने मिळालेले नसल्यामुळे रस्त्यावर उतरावे लागते. एप्रिल २०२१ मध्ये बारा श्रीमंत क्लबांनी स्वतंत्र युरोपियन सुपर लीगची घोषणा केली आणि दोन दिवसांतच त्यांतील सहाही इंग्लिश क्लबांना माघार घ्यावी लागली. त्या वेळी जुन्या पाठीराख्यांना ‘वारशाने आलेले’ आणि टीव्हीवरील नव्या प्रेक्षकांना ‘भविष्यातले’ चाहते असे शब्द योजकांच्या तोंडी असल्याच्या बातम्या आल्या होत्या. वाडवडिलांच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूविषयी बिल्डर साधारण अशाच सुरात बोलतो.

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर) : आमच्याकडे पाटाकडील आणि दिलबहार या तालीम संघांचा फुटबॉल सामना असला, की राजर्षी शाहू स्टेडियमची गॅलरी वेळेआधीच भरते. मग आमचे प्रेक्षक इंग्लंडपेक्षा सरस आहेत, असे का म्हणू नये?

उत्तर : एका अर्थाने जरूर म्हणावे. कोल्हापुरात संघ निवडावा लागत नाही; आपली पेठ आणि आपली तालीम कोणती, यावरून तो जन्मतःच ठरलेला असतो. ज्या बचावपटूच्या चुकीवर आपण संध्याकाळी गॅलरीतून तोंडसुख घेतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये आपल्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असू शकतो. इंग्लंडमध्ये दोन-तीन पिढ्यांपूर्वी हे असेच होते आणि तेथील म्हातारे ज्याची हळहळ करतात ते हेच आहे. अलीकडे तालीम संघांतूनही बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडू दिसतात, तरी गॅलरी अजून पेठेचीच आहे.

‘सरस’ या शब्दाबाबत मात्र थांबावेसे वाटते. समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याचे, पोलीस बंदोबस्तात खेळवावे लागल्याचे प्रसंग आपल्यालाही आठवत असतील. त्या गॅलरीत आपली बहीण किंवा मुलगी निर्धास्तपणे येऊन बसते का, हे आपणच पाहा. इंग्लंडच्या जुन्या पायऱ्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांना हाच प्रश्न विचारला की ते विषय बदलतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : मी कधीही इंग्लंडला गेलेलो नाही, वीस वर्षे टीव्हीवरच सामने पाहतो. मित्र म्हणतो की मी खरा पाठीराखाच नाही.

उत्तर : मित्राला सांगा, की २०२२ ते २०२५ या तीन वर्षांच्या करारांत प्रीमियर लीगला परदेशांतील प्रक्षेपणहक्कांतून देशांतर्गत हक्कांहून अधिक रक्कम पहिल्यांदाच मिळाली, म्हणजे संघाच्या पगारपत्रकात आपलाही खारीचा वाटा आहे. पंधरा वर्षांचे प्रेम घेऊन ॲनफिल्डला गेलेल्या पुणेकर वाचकाविषयी वर जे लिहिले, ते त्याच्या प्रेमाविषयी नव्हते. रांगेत एकत्र झुकण्याची सवय एका तिकिटाने लागत नाही, एवढेच म्हणायचे होते.

आपल्याला कदाचित ठाऊक नसेल अशी एक गंमत आहे. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत. खालच्या श्रेणीतील क्लबांचे प्रेक्षक घरी बसू नयेत म्हणून हा नियम कित्येक दशके पाळला जातो. तेव्हा डिसेंबरातल्या शनिवारी रात्री साडेआठला आपण नाशिकमध्ये जो सामना आरामात पाहता, तो मैदानापासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या, तिकीट न परवडलेल्या माणसाच्या टीव्हीवर दिसत नाही. त्याने खिडकी थोडी उघडी ठेवली, तर गोल कोणी केला ते त्याला आवाजावरून कळते.