चार महिने उत्तर नाही
प्रश्न : अमेरिकेत आमच्या शेजारच्या कृष्णवर्णीय तरुणाचा उजवा हात अपघातात निकामी झाला. त्याने राज्याच्या व्यावसायिक पुनर्वसन कार्यालयात (अपंगांना प्रशिक्षण व नोकरीसाठी मदत करणाऱ्या) अर्ज करून चार महिने झाले, तरी निर्णय नाही. यात वर्णभेद असेल का?

उत्तर : एका अर्जावरून तसे ठामपणे म्हणता येणार नाही, पण आपली शंका निराधारही नाही. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करताना खुद्द अमेरिकी काँग्रेसनेच नमूद केले की, कृष्णवर्णीयांचे अर्ज गोऱ्यांच्या तुलनेत अधिक प्रमाणात नाकारले जातात आणि स्वीकारले गेले तरी अल्पसंख्याकांना प्रशिक्षण कमी मिळते. पात्रतेचा निर्णय सामान्यतः ६० दिवसांत अपेक्षित असून मुदतवाढीस अर्जदाराची संमती लागते. घाईत एखाद्या कागदावर त्याने तशी सही केली आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास त्याच्या राज्यातील ‘क्लायंट असिस्टन्स प्रोग्रॅम’कडे (अशा अर्जदारांना त्यांचे हक्क मिळवून देण्यास मदत करणाऱ्या योजनेकडे) दाद मागावी.