‘त्या घरात ती शोभणार नाही’

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक अकरावीत आहे, लहानपणापासून गाणं शिकते. शाळेच्या संगीत नाटकासाठी तिनं ऑडिशन दिली. आवाजाचं सगळ्यांनी कौतुक केलं, पण भूमिका मिळाली शेजारणीची. कारण विचारलं तर शिक्षिका म्हणाल्या, “नायिकेचे आईवडील गोरे आहेत, त्या घरात ती शोभणार नाही.” तेव्हापासून लेक रियाजाला बसलेली नाही. तिची समजूत कशी घालू? – एक आई

उत्तर : ताई, समजूत घालू नका. तिला लागलं ते बरोबरच आहे. मी इथं पंचवीस वर्षं गाणं शिकवते. माझ्या दोन मुलींना हेच वाक्य ऐकावं लागलं होतं, आणि दोन्ही वेळा मला रात्री झोप लागली नव्हती.

तिला ऑड्रा मॅकडोनाल्ड या अमेरिकी गायिका-अभिनेत्रीबद्दल सांगा. 2007 साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, ‘110 इन द शेड’ हे संगीत नाटक लागलं होतं. दुष्काळानं करपलेलं गाव, शेतकरी बाप, लग्न जमत नसलेली लेक. बाप झाला होता जॉन कलम, गोरा. लेक ऑड्रा, कृष्णवर्णीय. सुरुवातीला माझीही नजर रंगाकडे गेली, खोटं कशाला बोलू! पण थोड्याच वेळात फक्त लेकीच्या काळजीनं झुरणारा बाप दिसायला लागला. शोभण्याचा प्रश्न तिथंच मिटला.

ही बाई वाढली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या कलाशाळेत शास्त्रीय पाश्चात्त्य गायन शिकली आणि 1994 मध्ये ‘कॅरोझेल’ या संगीत नाटकात कॅरी झाली. एकोणिसाव्या शतकातल्या मेन राज्यातली ही गिरणी कामगार पोरगी गोऱ्या नटीनंच करायची, असा तोवरचा रिवाज. कॅरी नायिकाही नव्हे, नायिकेची मैत्रीण. टोनी म्हणजे ब्रॉडवेचा सर्वोच्च पुरस्कार. पहिला टोनी तिला याच भूमिकेनं दिला. अठ्ठावीस पूर्ण व्हायच्या आत तीन टोनी झाले, आज सहा आहेत. अभिनयाच्या चारही विभागांत टोनी मिळवणारी ती पहिलीच.

सहावा मिळाला 2014 मध्ये, जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या भूमिकेसाठी. तो प्रयोग मी विसरणार नाही. रंगमंचाचा बार केलेला, काही प्रेक्षक टेबलांशी बसलेले, आणि हातात ग्लास घेऊन ती त्यांच्यामधून झोकांड्या खात फिरतेय. स्वतःचा मोकळा, उंच आवाज तिनं असा आवळून धरला होता की आतून हॉलिडेचा थकलेला, खरबरीत सूरच बाहेर यावा. गळ्यावर एवढा ताबा असलेल्या बाईला ‘तू कुठं शोभशील’ हे कुणी सांगावं?

पण ती स्वतःपुरतं मिळवून गप्प बसली नाही. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाकडून हत्या झाल्यावर कृष्णवर्णीय रंगकर्मींनी ‘ब्लॅक थिएटर युनायटेड’ ही संस्था स्थापन केली, तिच्या संस्थापकांत ऑड्रा आहे. पुढच्याच वर्षी नाट्यगृहांचे मालक, निर्माते, संघटना यांच्याशी लेखी करार झाला. नव्या नाटकाच्या लेखक, दिग्दर्शक, तंत्रज्ञांच्या चमूत यापुढे सगळेच्या सगळे गोरे नसतील, हे त्यातलं एक कलम. त्या करारामुळे 2022 मध्ये दोन नाट्यगृहांना जेम्स अर्ल जोन्स आणि लीना हॉर्न या कृष्णवर्णीय कलावंतांची नावं मिळाली. नावांचा मला आनंद आहेच, पण मोल त्या कलमाचं जास्त. कोण शोभतं नि कोण नाही, हे ऑडिशनच्या टेबलापलीकडेच ठरतं ना!

म्हणून शिक्षिकांची वेळ घ्या. लेकीला बरोबर न्या आणि तिलाच बोलू द्या. तुम्ही शेजारी बसा. तिनं दोनच गोष्टी विचाराव्यात : कोणकोणत्या भूमिकांसाठी माझा विचार झाला, आणि पुढच्या वर्षी टेबलामागे आणखी कोण बसणार? उत्तर ईमेलवर मागा. आवाज चढवू नका, पण उत्तर मिळाल्याशिवाय उठूही नका.

आणि शेजारणीची भूमिका तिनं सोडू नये. त्या भूमिकेला गाणं आहे का, ते आजच बघा. असलं तर या रविवारी पेटी काढून तिला सूर द्या.