सायकल शर्यतीत जिंकतो एकच, मग संघाचं काम काय? आणि तिघांना एकटा कसा हरवतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बक्षीस एकालाच मिळतं, तर एका दिवसाच्या शर्यतीत सात-सात जणांचे संघ कशाला उतरवायचे, आणि दुसऱ्यासाठी राबणाऱ्याला मिळतं काय? आणि संघाला एवढं महत्त्व असेल, तर 2015 च्या ओमलोप हेट न्यूसब्लाड या बेल्जियममधल्या एका दिवसाच्या शर्यतीत एकटा इयन स्टॅनर्ड एकाच संघाच्या तिघांवर भारी कसा पडला?

संघाची कामं दोन असतात. आपल्या माणसाचा वारा वाटून घ्यायचा, हे पहिलं. समोरच्याला वारा खायला लावायचा, हे दुसरं. बहुतेक जण पहिलंच पाहतात. मोठ्या शर्यतींचा निकाल मात्र बऱ्याचदा दुसऱ्यावर ठरतो.

आधी वाऱ्याचं सांगतो, कारण सगळं तिथूनच येतं. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने जाताना पायातली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे 40 वरून 44 वर जायचं तर हवेसाठीच साधारण तिसरा हिस्सा जास्त ताकद लागते. पुढच्याच्या चाकाला लागून चाललात की पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर याहून पुष्कळ जास्त. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या बर्ट ब्लोकन यांनी 2018 मध्ये 121 सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला. त्यात मधल्या-मागच्या जागांवर हवेचा विरोध एकट्या चालणाऱ्याच्या 5 ते 10 टक्क्यांवर आलेला दिसला. म्हणून दोनशे किलोमीटर आडोशात आलेला आणि दोनशे किलोमीटर पुढे राहिलेला, हे शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये सारख्या ताकदीचे उरतच नाहीत, घरून कितीही सारखे निघाले असले तरी.

सोलापुरात हे शिकायचं असेल तर जून-जुलैत विजापूर रोडला या. आपण दक्षिणेला टाकळीकडे निघतो आणि पश्चिमेचा वारा उजव्या अंगावर येतो. अशा वाऱ्यात आडोसा पुढच्याच्या नेमका मागे मिळत नाही, तो डावीकडे तिरका सरकतो. पहिला थोडा उजवीकडे राहिला तर त्याच्या मागे तिघे-चौघे तिरक्या ओळीत बसतात. पाचव्यासाठी डांबरच उरत नाही. तो कडेच्या पांढऱ्या पट्टीवर, खडीच्या काठाने, पूर्ण वारा खात चालतो आणि काही मिनिटांत सुटतो. परतताना वारा डावीकडून येतो, तेव्हा आडोसा उजवीकडे, म्हणजे ट्रकच्या बाजूला असतो. तिकडे सरकायचंच नाही, कितीही मोह झाला तरी. हायवे हा शर्यतीचा बंद रस्ता नाही.

बेल्जियमच्या शर्यतींत हेच मुद्दाम घडवून आणतात. संघातले पाच-सहा जण आडव्या वाऱ्यात एकदम पुढे येतात, रस्त्याच्या रुंदीत मावेल एवढीच तिरकी ओळ लावतात आणि वेग वाढवतात. जागा न मिळालेले कडेला लागतात, घोळक्याचे तुकडे होतात. कोणी चढावर हल्ला केलेला नसतो, तरी शर्यत फुटलेली असते. ही संघाची खरी ताकद, आणि ती वापरणाऱ्याच्या पायांत फार काही वेगळं असावं लागत नाही. वारा कुठून येतोय आणि पुढचं वळण किती लांब आहे, हे आधी कळलेलं असावं लागतं.

पुढे राहण्याची पाळी आळीपाळीने घेतात. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, आधी नंदीध्वजाचा, त्या उंच जड काठीचा, सराव पाहिला असेल, तर ही पद्धत तुमच्या ओळखीची आहे. भार एका वेळी एकाच्याच कमरेला असतो, पण पुढचा गडी तयार उभा नसेल तर पहिल्याला पूर्ण जोर लावताच येत नाही.

आता ओमलोप 2015. शेवटच्या टप्प्यात चार जण पुढे निघाले होते: टॉम बोनन, निकी टर्पस्ट्रा आणि स्टाइन वांडेनबर्ग हे तिघे एटिक्स-क्विक स्टेपचे, आणि चौथा स्काय संघाचा स्टॅनर्ड. आदल्या वर्षी ही शर्यत त्यानेच जिंकली होती. कागदावर पाहिलं तर निकाल लागल्यातच जमा होता. पण मागून पाठलाग सुरू होता, त्यामुळे वेग राखणं भाग होतं, आणि राखायचा कोणी? तीन माणसं ज्यांची, त्यांनी. स्टॅनर्ड बहुतेक वेळ मागे बसून राहिला. त्याला तसं बसण्याचा पूर्ण हक्क होता. तिघांविरुद्ध एकट्याने पुढे येऊन ओढणं म्हणजे आपल्याच पराभवाला हातभार.

शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये बोननने हल्ला केला. स्टॅनर्डने तो भरून काढला. मग टर्पस्ट्रा निघाला, त्यालाही स्टॅनर्डने गाठलं. आणि मग स्टॅनर्ड स्वतःच सुटला. टर्पस्ट्रा तेवढा त्याच्या मागे राहिला, बाकी दोघे तुटले. गेंटमध्ये अंतिम रेषेवर स्टॅनर्ड पहिला, टर्पस्ट्रा दुसरा, बोनन तिसरा, वांडेनबर्ग चौथा.

तिघांनी एकामागून एक हल्ले करायचे, म्हणजे एकट्याला प्रत्येक वेळी धावावं लागतं, ही चाल बरोबरच होती. पण त्यांनी ती फार उशिरा लावली. तोवर वारा तिघांनीच खाल्ला होता आणि स्टॅनर्ड ताजा होता. माझ्या मते वांडेनबर्गला वीस किलोमीटर आधीच सोडायला हवं होतं. तो गेला असता तर मागे बोनन आणि टर्पस्ट्रा स्टॅनर्डच्या चाकाला निवांत बसले असते, आणि पाठलाग करायचा की हरायचं हा पेच स्टॅनर्डपुढे पडला असता. पण त्यासाठी संघाला एक गोष्ट मान्य करावी लागली असती: आज कदाचित वांडेनबर्गच जिंकेल. बोनन बेल्जियमचाच, आणि त्याने ही शर्यत तोवर कधीच जिंकली नव्हती, पुढेही जिंकली नाही. घरच्या मैदानावर एवढा मोठा माणूस बरोबर असताना दुसऱ्याला मोकळं सोडणं अवघड जातं. संख्या जास्त असली की ती खर्च करावी लागते. जपून ठेवली तर ती तुमच्याच अंगावर काम टाकते.

पुढच्याच वर्षी याची दुसरी बाजू दिसली, तीही बोननच्याच वाट्याला आली. 10 एप्रिल 2016 ची फ्रान्समधली पॅरिस–रूबे शर्यत, 257.5 किलोमीटर, त्यात पन्नासच्या वर किलोमीटर दगडी फरशीचे. बोनन पाचव्या विक्रमी विजयासाठी निघाला होता. मागे मोठा अपघात होऊन घोळका फुटला आणि फाबियन कांचेलारा, पीटर सगान हे त्याचे मोठे प्रतिस्पर्धी मागे अडकले. तेव्हा बोननच्या संघाने क्षणाचाही विलंब केला नाही. टोनी मार्टिन पुढे आला आणि ओढत राहिला. वेळेच्या शर्यतीत, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध पळायच्या शर्यतीत, तोवर तीनदा जगज्जेता झालेला माणूस, आणि त्या दिवशी त्याचं काम एवढंच होतं. मला ती शर्यत मुख्यतः त्याच्यासाठी आठवते. कांचेलारा आणि सगान पुन्हा पुढे येऊ शकले नाहीत. संघाचं काम इतकं चोख फार क्वचित पाहायला मिळतं.

आणि तरी जिंकला मॅथ्यू हेमन. 37 वर्षांचा ऑस्ट्रेलियन, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेला. पाच-सहा आठवड्यांपूर्वी ओमलोपमध्येच पडून त्याचा हात मोडला होता, आणि सराव बराचसा घरात, स्थिर सायकलवर झालेला. तो सकाळच्या पळून गेलेल्या गटात होता. असा गट बहुधा पकडला जातो, मग माणूस तिथे पाठवायचा कशाला? कारण तो पुढे असेपर्यंत त्याच्या संघाला पाठलागात एक पैडलही मारावं लागत नाही, आणि मागचे बलवान येऊन मिळाले की आपला एक माणूस तिथे आधीच हजर असतो. शिवाय फरशीच्या अरुंद पट्ट्यांवर पुढे लहान गटात असणं सुरक्षित, मागे धक्काबुक्की. बोननचा गट येऊन मिळाला तेव्हा हेमन टिकला. कारफूर द लार्ब्रच्या फरशीवर तो तुटला, तरी परत आला. रूबेच्या व्हेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलींच्या गोल धावपट्टीवर, पाच जण शेवटच्या फेरीला भिडले आणि हेमनने बोननला मागे टाकलं. तिसरा कोण, तर स्टॅनर्ड.

संघ असूनही संघ नसल्यासारखं झालं, त्याचंही एक उदाहरण आहे. टोकियो ऑलिंपिकची महिलांची 137 किलोमीटरची शर्यत, 25 जुलै 2021. नेदरलँड्सच्या चार खेळाडू, चौघीही जिंकू शकतील अशा. पण ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो. ऑस्ट्रियाची गणितज्ञ आना कीझनहोफर सुरुवातीलाच पळालेल्या लहान गटात होती. शेवटच्या 40 किलोमीटरच्या सुमारास तिने तोही गट सोडला. मागे पळालेल्यांपैकी बाकीच्या पकडल्या गेल्या आणि पुढे अजून एक जण आहे याची नोंद सुटली. नेदरलँड्सच्या आनेमिक फान फ्लूटनने रेषा ओलांडताना हात वर केले, तेव्हा कीझनहोफर सव्वा मिनिट आधीच पोहोचली होती. कीझनहोफरला नशीबवान म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. 40 किलोमीटर एकटीने वारा कापायचा आणि वेग पडू द्यायचा नाही, हे पायांनीच करावं लागतं.

राहिला तुमच्या प्रश्नातला तो धागा, की दुसऱ्यासाठी राबणाऱ्याला काय मिळतं. पगार त्याला संघ देतो आणि तो याच कामाचा देतो. बाटल्या आणणं, नेत्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून देणं, फरशीच्या आधी त्याला पुढच्या ओळीत नेऊन सोडणं, हे सगळं त्या कामात येतं. बक्षिसाची रक्कम संघात वाटून घेण्याची जुनी रीत आहे. निकालपत्रात त्याचं नाव ऐंशीव्या ओळीत असतं, पण पुढच्या वर्षीचा करार करताना संघवाले ती ओळ पाहत नाहीत. नेता कोणत्या क्षणी पुढे होता आणि तिथे त्याला कोणी आणलं, एवढंच पाहतात.